बर्गरचा खालचा बन लगदा होतोय, टिक्की मागून सटकतेय? मसाला बदलण्याआधी ओल कुठून येतेय ते शोधा

इंदूरमध्ये सध्या दर दोन गल्ल्यांमागे एक कॅफे उघडलाय आणि प्रत्येकाच्या मेनूवर बर्गर आहेच. ज्याच्याशी बोलावं त्याची तक्रार फिरून फिरून तीच, की दादा टेस्ट मस्त आहे, पहिल्या घासाला लोक खूश असतात, पण अर्ध्यात आल्यावर खालचा बन भिजून फाटतो, टिक्की मागच्या बाजूने बाहेर येते आणि शेवटी गिऱ्हाईक उरलेलं सगळं प्लेटमधून चमच्याने खातं. आणि यावर उपाय काय करतात तर मसाला बदलतात. पेरी पेरी आणतात, तंदूरी मेयो आणतात, नाहीतर आपलं इंदूरी काहीतरी पाहिजे म्हणून वरून जीरावन (पोह्यांवर टाकतात तो इंदूरी मसाला) भुरभुरतात. जीरावनबद्दल माझी काही तक्रार नाही, ते कशावरही चांगलंच लागतं, पण ओल्या बनवर जीरावन टाकलं तरी बन ओलाच राहणार ना.

माझं काम छोट्या हॉटेलांचं किचन लावून देणं आणि मेनू बसवून देणं, त्यामुळे हा प्रॉब्लेम मला सारखा भेटतो. बर्गरची चव बिघडलीये असं क्वचित असतं, पाण्याचा आणि आचेचा हिशोब चुकलेला असतो. बटाट्यात साधारण ८० टक्के पाणी, टोमॅटोत जवळजवळ ९५, चिकन-मटणातसुद्धा पाऊण भाग पाणीच, आणि हे सगळं गरम करून तुम्ही दोन स्पंजांच्या मधे ठेवताय. ते पाणी कुठेतरी जाणारच, आणि खालीच जाणार.

छप्पन दुकानवर, म्हणजे आपल्या इंदूरच्या खाऊबाजारात, उभं राहून बेंजो खाताना कधी असं झालंय का? नाही होत. बन तव्यावर चांगला शेकलेला असतो, आत आम्लेट असतं म्हणजे सुटणारं पाणी जवळजवळ नाहीच, आणि हातात आल्यापासून दोन-चार मिनिटांत माणूस ते संपवतो. आपण काय करतो, तर त्याच बनमध्ये टिक्की, टोमॅटो, कांदा, कोलस्लॉ, दोन सॉस भरतो आणि डब्यात बंद करून विजयनगरहून भंवरकुव्याला पाठवतो, जिथे हॉस्टेलवरचा मुलगा खाली येऊन डबा घेणार, वर जाणार, मग उघडणार. अर्धा तास कुठे गेला नाही.

आधी तपासा, मग हात लावा

एक बर्गर नेहमीसारखा बनवा, नेहमीच्याच मुलाकडून बनवून घ्या, तुम्ही स्वतः बनवू नका कारण तुम्ही जरा जास्तच काळजी घ्याल. दहा मिनिटं तसाच ठेवा. मग वरून एकेक थर उचलत जा आणि ओल कुठे आहे ते बघा. खालच्या बनच्या मधोमध गोल डाग असेल तर तो टिक्कीचा. कडेने किंवा अर्धचंद्रासारखा पट्टा ओला असेल तर टोमॅटो नाहीतर कांदा. वरच्या बनला आतून घाम आलाय आणि बाहेरून सुरकुत्या पडल्यात, तर ती वाफ आहे, म्हणजे गरम टिक्की फार लवकर झाकली गेली किंवा डबा बंद आहे.

आता त्या ओल्या जागेवर कोरडा टिशू दाबा आणि पंख्याखाली सुकू द्या. डाग सुकून गेला तर पाणी होतं. पारदर्शक डाग तसाच राहिला तर तेल किंवा चरबी. ही साधी गोष्ट कोणी करत नाही आणि यातच अर्धं उत्तर असतं, कारण तेल असेल तर तळणीत गडबड आहे आणि पाणी असेल तर भाज्या, सॉस नाहीतर टिक्कीच्या आतल्या मालात. दोन्हीचे उपाय एकदम वेगळे आहेत.

बटाट्याची टिक्की, म्हणजे आपल्याकडचा मुख्य आजारी

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण इंदूरमध्ये विकले जाणारे बहुतेक बर्गर व्हेजच आहेत.

टिक्की तेलात फुटते किंवा बनमध्ये गेल्यावर लगदा होते, याची सुरुवात बटाटा उकडण्यापासून होते. सोलून, फोडी करून कुकरला लावला की तो पाणी पितो. सालासकट अख्खा उकडा, जमलं तर कुकरच्या पाण्यात न बुडवता वरच्या भांड्यात ठेवून वाफेवर, आणि उकडल्यावर लगेच बाहेर काढून परातीत पसरून ठेवा म्हणजे वाफ उडून जाईल. कुकरमध्येच राहू दिला तर तीच वाफ परत त्याच्यावर बसते. मग सोला, किसा किंवा प्रेसमधून काढा, पण मिक्सरला अजिबात लावू नका, स्टार्चच्या पेशी फुटतात आणि डिंकासारखा चिकट गोळा होतो, मग त्यात कितीही ब्रेडक्रम्स घाला उपयोग नाही. आणि मग फ्रिज. गार झालेला स्टार्च घट्ट धरतो, म्हणून आदल्या रात्री उकडून फ्रिजमध्ये ठेवलेल्या बटाट्याची टिक्की गरम बटाट्याच्या टिक्कीपेक्षा कितीतरी चांगली उभी राहते. सकाळी अकराला उकडून बाराला टिक्क्या थापणारे लोक असतात, त्यांच्या टिक्क्या फुटणार नाहीत तर काय होणार.

बटाटा कुठला घेताय तेही बघा. आपल्या माळव्यात बटाट्याला काही तोटा नाही, चिप्सवाल्या कंपन्यासुद्धा इथला माल उचलतात कारण त्यात साखर कमी असते. पण हाच बटाटा २ ते ४ डिग्रीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काही महिने राहिला की थंडीने त्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते. मग पावसाळ्यात तक्रार येते की टिक्की बाहेरून पटकन काळी पडतेय आणि आतून गारच राहतेय, रेसिपी तर तीच आहे. रेसिपी तीच आहे, बटाटा तो नाहीये. चोइथराम मंडीतून पोतं उचलायच्या आधी दोन बटाटे आणून फोडी तळून बघा, लगेच तांबूस झाल्या आणि गोडसर लागल्या तर ते पोतं भाजीला ठीक आहे, टिक्कीला नाही. अगदी नवा कोवळा बटाटाही टिक्कीला नको, त्यात पाणी जास्त आणि पीठ कमी.

आता भाज्या. फ्रोजन मटार, गाजर, फरसबी, मका, हे सगळं पिशवीतून काढून थेट बटाट्यात टाकतात आणि बर्फ तिथे हळूहळू वितळतो. आधी कढईत तेलाशिवाय मोठ्या आचेवर परतून पाणी उडवा, मग गार करा, मग मिसळा. मीठ सगळ्यात शेवटी, टिक्क्या थापायच्या जस्ट आधी, कारण मीठ लागलं की भाजी पाणी सोडते आणि सकाळी मीठ घालून ठेवलेलं सारण दुपारी सैल झालेलं असतं. मग पोरगा त्यात अजून कॉर्नफ्लोअर ओततो आणि टिक्की खाताना रबर चावल्यासारखी लागते.

सुटलेलं पाणी धरायला काय घालायचं म्हणाल तर इंदूरमध्ये राहून हा प्रश्न विचारू नका. पोहे. जाडे पोहे कोरडेच मिक्सरला फिरवून रवाळ भरड करायची आणि किलोभर सारणाला मूठ-दीड मूठ घालून पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं, पोहे पाणी पितात आणि चवीत लुडबूड करत नाहीत. ब्रेडक्रम्सनेही काम होतं पण पोह्यांनी टिक्कीला जो हलका दाणेदार चावा येतो तो मला जास्त आवडतो. आणि चावा हा मुद्दा महत्त्वाचा आहे, यावर पुढे बोलतो.

थापताना कडा बोटाने गुळगुळीत करा. कडेला बारीक भेग राहिली की आतली वाफ तिथूनच मार्ग काढणार आणि तेल तिथूनच आत शिरणार. मैदा-कॉर्नफ्लोअरचा पातळ घोळ, मग ब्रेडक्रम्स, मग परत अर्धा तास फ्रिजमध्ये. तेल १७० ते १८० डिग्रीवर पाहिजे आणि एका वेळी कढईत गर्दी नको, गार टिक्क्या एकदम आठ-दहा टाकल्या की तेल धाडकन खाली येतं, कवच धरत नाही आणि टिक्की तेल पीत बसते. टिशूवर तेलाचा डाग राहिला होता ना, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. दोनशे-तीनशे रुपयांत तेलात बुडवायचा थर्मामीटर मिळतो, घ्या एकदाचा, लाकडी चमचा बुडवून बुडबुडे बघण्याचा अंदाज मालकाला जमतो, पगारी पोराला रात्री दहाच्या गर्दीत जमत नाही.

आणि तळल्यावर टिक्की कागदावर ठेवू नका. खालून वाफ निघते, कागदावर अडते आणि कुरकुरीत बाजू दोन मिनिटांत मऊ पडते. लोखंडी जाळी घ्या, खाली ट्रे. दीड-दोन मिनिटं जाळीवर थांबली की जोराची वाफ निघून जाते, मग बनवर ठेवा.

टिक्की मागून का सटकते

याचा मसाल्याशी काय, तेलाशीही संबंध नाही. बन कडक आणि आतला माल मऊ असेल तर दातांच्या दाबाने आधी आतला माल हलणार, बन नाही. म्हणजे उलटं पाहिजे, बन टिक्कीपेक्षा मऊ पाहिजे आणि टिक्कीला चावा पाहिजे. बटाट्याचा गुळगुळीत लगदा भरलेली टिक्की कितीही छान तळा, कवच फुटलं की ती पसरणारच, म्हणून सारणात निम्मे मटार अर्धवट ठेचलेले, मक्याचे दाणे अख्खे, पोह्यांची भरड, असं काहीतरी अडखळणारं लागतं. दुसरं कारण म्हणजे घसरण. वर मेयो, खाली मेयो, मधे आइसबर्ग लेट्यूसचं गुळगुळीत पान आणि त्यावर टोमॅटोची चकती, एवढ्या घसरड्या गोष्टी एकावर एक ठेवल्यावर टिक्की जागेवर राहील कशाला. एका बाजूला सॉस, आणि टिक्कीवर चीज स्लाइस नीट वितळलेली, ती चिकटून धरते. पान अख्खं ठेवण्यापेक्षा बारीक चिरलेलं बरं, पकड राहते.

उंची हाही भाग आहेच. फोटोसाठी तीन मजली बर्गर, मधे काडी खुपसलेली. तोंडात जात नाही ते. माणूस आधी दाबतो, मग सगळं बाहेर.

बन

बेकरीतून येणारा नेहमीचा स्वस्त बन नुसता हवेने भरलेला असतो, बोटाने दाबला तर दबतो आणि परत वर येत नाही. दाबून सोडल्यावर हळूहळू वर येणारा बन घ्या. दूध, लोणी किंवा तेल आणि थोडी साखर असलेल्या पिठाचा बन मऊही राहतो आणि लवकर फाटतही नाही, अमेरिकेत यासाठीच ब्रिओश (लोणी-अंड्याचा गोडसर पाव) किंवा बटाटा घातलेले रोल वापरतात. बटाटा आणि दूध पावडर घातलेला एगलेस बन आपल्या बेकरीवाल्यालाही जमतो, रोज शंभर नग घेतो म्हटलं की बहुतेक जण करून देतात. चार इंच रुंद, ६० ते ७० ग्रॅम, एवढं सांगा. वजनाने सांगा, नाहीतर तो पोरावर आणि दिवसावर अवलंबून रोज वेगळा येतो.

बन गरम असताना प्लास्टिकमध्ये बांधून आणतात, तिथेच त्याला घाम येतो. सकाळी पिशवी उघडा आणि ट्रेमध्ये पसरा. उरलेला बन फ्रिजमध्ये अजिबात नको, फ्रिजच्या गारठ्यात पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा पडतो, कोरडा आणि भुरभुरीत होतो. ठेवायचाच असेल तर नीट बांधून फ्रीजरला टाका.

शेकणं ही न टाळता येणारी पायरी आहे आणि सगळ्यात जास्त इथेच टाळाटाळ होते. कापलेल्या बाजूला लोणी, मध्यम तव्यावर, हलका दाब देऊन, कडेपासून कडेपर्यंत एकसारखा तांबूस रंग येईपर्यंत. मधे पांढरा ठिपका राहिला तर पाणी तिथूनच आत शिरतं. शेकलेला थर आणि लोण्याची चरबी मिळून ओल अडवतात, कायमची नाही, पण दहा-पंधरा मिनिटं नक्की. पॉप-अप टोस्टरमध्ये बाहेरची बाजूही कडक होते, म्हणजे जे नको तेच. आणि शेकलेले बन एकावर एक रचून ठेवू नका, स्वतःच्याच वाफेने ओले होतात, ऑर्डर आली की मगच शेका.

नॉन-व्हेज वाल्यांसाठी

मूळ हॅमबर्गर म्हणजे बीफ, आणि त्याचा तिकडचा ठोकताळा साधा आहे, खांद्याकडचं मांस, ८० भाग मांस आणि २० भाग चरबी, भरड खिमा, मीठ, मिरपूड, बस. आपल्याकडे तो प्रश्नच नाही, मध्य प्रदेशात गोवंश हत्येला कायद्याने बंदी आहे. पण त्या ठोकताळ्यातलं चरबीचं गणित मात्र उचलण्यासारखं आहे. १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्स भारतात दिल्लीला सुरू झालं तेव्हा तेही बीफशिवायच, महाराजा मॅक सुरुवातीला मटणाचा होता, चिकनचा नंतर झाला. म्हणजे मटणाचा बर्गर ही काही जुगाडाची गोष्ट नाही.

बकऱ्याचं मांस सुकं असतं. नुसत्या रानाचा, म्हणजे मागच्या मांडीचा, खिमा घेतला की पॅटी (मांसाची टिक्की) तव्यावर आकसते आणि भुसा लागते. खाटकाला सांगा, खांद्याचं मांस आणि वर वेगळी चरबी, पाच भागांत एक भाग चरबी धरून भरड जाळीतून एकदाच काढ. दोनदा काढला की कबाबचा खिमा होतो. आणि इथेच आपले कारागीर घोळ घालतात, हात कबाबवर बसलेला असतो त्यामुळे खिम्यात बारीक कांदा, आलं-लसूण, कोथिंबीर, अंडं, बेसन, वरून कच्ची पपई, आणि मग दहा मिनिटं मळणं. शामी कबाबला ते सगळं बरोबर आहे. बर्गरला नाही. कांदा पाणी सोडतो, पपईतलं एन्झाइम मांसाचे धागेच खाऊन टाकतं आणि मळल्यावर, त्यातही मीठ घालून मळल्यावर, मांसातलं प्रोटीन सुटून चिकट होतं आणि पॅटी सॉसेजसारखी लवचिक होते. खिमा गार ठेवा, हलक्या हाताने गोळे करा आणि मीठ-मिरी तव्यावर टाकायच्या क्षणी बाहेरून मारा.

चिकनचं थोडं वेगळं आहे. ब्रेस्टचा खिमा पटकन कोरडा होतो, लेग बोनलेस घ्या, आणि चिकनमध्ये स्वतःची चरबी कमी म्हणून फ्रीझरमधलं कडक लोणी किसून मिसळा. मीठ इथे थोडं आधी घातलेलं चालतं, उलट बांधणीला मदतच होते.

तव्यावरची गोष्ट एवढीच, की तवा खरा तापलेला पाहिजे. पॅटीच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० डिग्रीच्या वर जातच नाही, आणि मांसाला जो तपकिरी रंग आणि भाजका वास येतो ती प्रक्रिया १४० च्या आसपास खऱ्या अर्थाने वेग घेते. मायार नावाच्या फ्रेंच केमिस्टने १९१२ मध्ये ती मांडली, त्याच्याच नावाने ओळखतात. गार तव्यावर पॅटी टाकली की ती भाजत नाही, स्वतःच्या पाण्यात शिजते, करडी होते, आणि ते पाणी नंतर बनमध्ये. पातळ स्मॅश पॅटी करायची तर गोळा टाकल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटातच जोर लावून चेपायचा, नंतर हात लावायचा नाही, खाली कवच धरलं की धारदार उलथन्याने खरवडून उलटायची. नंतर चेपलीत तर जो चुर्र आवाज येतो आणि सगळ्यांना आवडतो तो तुमचा रस तव्यावर जळतोय. जाड पॅटीला मधे अंगठ्याने खळगा करा, कडा आकसल्या की मधला भाग फुगून चेंडू होतो तो होणार नाही. आणि कच्ची पॅटी बनपेक्षा बोटभर मोठी ठेवा, शिजून ती बनएवढी होईल.

आतून गुलाबी वगैरे व्हिडिओत बघायला ठीक. खिमा झाला की बाहेरचे जंतू आत सगळीकडे मिसळलेले असतात, त्यामुळे मटण खिमा आतून ७१ डिग्री आणि चिकन ७४ पर्यंत गेलाच पाहिजे, टोचायचा थर्मामीटर ठेवा. मे महिन्यात पारा ४२ च्या वर असताना खिम्याचा डबा काउंटरवर उघडा पडलेला दिसला की मला तिथे चहासुद्धा प्यावासा वाटत नाही.

भाजी आणि सॉस

अन्नपूर्णा रोडकडच्या एका कॅफेत गेलो होतो, मालक मराठीच, सांगत होते की बेकरी तीन वेळा बदलली तरी बन ओला. मी नुसता काउंटरच्या आत उभा राहिलो. पोरगा बर्फाच्या पाण्याच्या टबातून आइसबर्गचं पान काढतोय, एकदा झटकतोय, आणि थेट खालच्या बनवर. पानाच्या वाटीत चांगलं चमचाभर पाणी. त्याला विचारलं तर म्हणाला, "भिया, झटक तो रहा हूँ." मालक माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. "अहो काका," म्हटलं, "बेकरीवाल्याची काही चूक नाही, त्याला परत बोलवा."

पान धुवा, बर्फाच्या पाण्यात ठेवा, सगळं करा, पण सर्व्हिसच्या आधी स्पिनरमध्ये (पानं गरगर फिरवून पाणी काढायची जाळीची टोपली) फिरवा किंवा स्वच्छ सुती कपड्यात गुंडाळून झटका आणि तसंच कपड्यात फ्रिजला ठेवा. कोरडं पान मग कामाचं आहे, टिक्कीच्या खाली ठेवलं तर बनचं रक्षण करतं. टोमॅटो घट्ट घ्या, चकत्या कापून टिशूवर दहा मिनिटं, बियांचा गर निघून गेला तर अजून चांगलं. कांदा कापून पाण्यात ठेवत असाल तर निथळून पुसून घ्या. कोलस्लॉ डिलिव्हरीच्या बर्गरमध्ये घालूच नका, मीठ आणि कोबी एकत्र आले की ते पाणी सुटायचं थांबत नाही.

मेयोबद्दल एक गोष्ट. खरी मेयो म्हणजे बहुतांश तेल, त्यामुळे बनवर पातळ लावली की ती स्वतःच ओल अडवते. पण बऱ्याच स्वस्त एगलेस मेयोत तेल कमी आणि पाणी-स्टार्च जास्त असतं, गरम टिक्कीला लागली की ढिली पडते आणि वाहते. पाकिटावर मागे बघा, तेल आधी लिहिलंय की पाणी. त्यात परत पोरं चटणी मिसळतात, केचप मिसळतात, पातळ झालं की तेच बाटलीत भरतात. हिरवी चटणी हवीच असेल तर दह्याची नको, घट्ट वाटा आणि सुती कपड्यातून जादा पाणी काढून मगच मेयोत घाला. खालच्या बनला लोणी पुरे, सॉस वरच्या बनला.

चीजचं फार काही नाही. अमूलची साधी स्लाइस ठीक आहे, प्रोसेस्ड चीजमध्ये इमल्सिफायर सॉल्ट (चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे क्षार) असल्यामुळे ती तेल न सोडता वितळते. टिक्की तव्यावर किंवा जाळीवर असतानाच ठेवा आणि वर भांडं झाका, खाली दोन थेंब पाणी. बनमध्ये गेल्यावर वितळेल या आशेवर राहू नका, नाही वितळत.

डिलिव्हरी

इतकं सगळं करूनसुद्धा बंद डब्यात वाफ कोंडली तर बन जाणारच. डब्याच्या बाजूला दोन-तीन भोकं पाडा, वरती नाही, वरती पाडली की दुसरा डबा त्यावर बसतो आणि ती बंद होतात. फॉइलमध्ये गुंडाळू नका, बटर पेपर बरा, तोही सैल. बर्गर असेंबल केल्यावर मिनिटभर उघडा ठेवून मग गुंडाळा, डिलिव्हरीवाला दारात उभा आहे म्हणून घाई होते, ते समजतं, पण मिनिटभर. टोमॅटो-कांदा छोट्या पुडीत वेगळे दिले तर काही लोक कुरकुर करतात, दोन-तीन ऑर्डरनंतर त्यांनाच आवडायला लागतं. पावसाळ्यात भोकांवरून पाणी आत जाईल असं कोणी म्हणेल, डबा पिशवीत असतो, नाही जात. आणि फ्राइज कृपा करून त्याच डब्यात बर्गरशेजारी टाकू नका. गरम फ्राइज एवढी वाफ सोडतात की अर्ध्या तासात दोन्ही गोष्टी मऊ, त्यांना वेगळी कागदी पिशवी, तोंड दुमडायचं नाही, उघडंच ठेवायचं.